सात वाचक

ट्युनिस, २ जून

नाझिहा,

आमच्या संकेतस्थळावरचं तुझं खातं तू काल बंद केलंस. जाताना लिहून गेलीस, ‘इथलं पहिलं पान एका माणसाच्या पोटदुखीवर चालतं.’ तो माणूस मी. पहिल्या पानावर काय यायचं ते मी ठरवतो, हे तू अख्ख्या स्फाक्सला मोठ्या तोऱ्यात सांगत होतीस. ‘माझा मामेभाऊ आहे तिथे.’ आता मामेभावाचं पोट दुखायला लागलं.

मालकिणीनं मला बोलावून विचारलं, ही बाई कोण? मी म्हणालो, आतेबहीण. ती हसली. ते हसणं मी तुला माफ करणार नाही.

आता स्पष्टच ऐक. तीन वर्षांत तुझं काही पहिल्या पानावर आलं नाही, त्याचा नात्याशी संबंध नाही. तुझं लिखाण सुरूच होत नाही. पहिल्या परिच्छेदात पाणी तापतं, दुसऱ्यात कुणीतरी चपला काढतं, तिसऱ्यात अजून पाणी तापतंच आहे. लोक फोनवर वाचतात, एका हातानं, उभ्याउभ्या. ते थांबत नाहीत.

तू स्वतःचं पान उघडणार आहेस असं आई सांगत होती. उघड. तुझ्याकडे माणसं वळवणार कोण? ते काम आम्ही करतो. आम्ही दाखवलं नाही तर कुणालाही कुणी दिसत नाही. मला हे फार आवडतं असं नाही, पण जग असं आहे.

आपले स्फाक्सचे लोक पैसा जपतात. तू वाचक जप. एखादा मिळालाच तर मीठ लावून बरणीत भर.

लमजद


स्फाक्स, ९ जून

लमजदसाहेब,

तुझे फोन मी उचलले नाहीत आणि उचलणार नाही. फोनवर तू मध्ये बोलतोस. पत्रात तुला माझं संपेपर्यंत गप्प बसावं लागतं. तुझ्या आयुष्यात हा अनुभव नवा असेल.

माझं पान उघडलं. त्यावर कसली बटणं नाहीत, टाळ्या नाहीत, ‘हेही वाचा’ नाही. काम कसं चालतं तेही सांगते, म्हणजे तुला हसायला सोपं जाईल. मी एक लेख लिहिते आणि एका बाईला पाठवते. सोबत चार ओळी, की हा तुलाच का पाठवला. तिला आवडला तर ती सांगते, अमकीला पाठव. मग त्या अमकीला मी स्वतः लिहिते. आवडला नाही तर ती तेही सांगते, आणि मी तिला पुन्हा त्रास देत नाही. पहिली रशीदा, औषधांच्या दुकानातली. ती म्हणाली, ‘बाई, पाणी तापेपर्यंत मला जरा टेकायला मिळालं.’

तू ज्याला सुरू न होणं म्हणतोस, ते तिला टेकणं वाटलं.

तीन वर्षं मी तुमच्याकडे लिहिलं. लेख टाकला की दिवसभर फोन उघडून बघायचा, वर आला का, खाली गेला का. वर्गात मुली निबंध लिहीत असायच्या आणि त्यांची बाई टेबलाखाली फोन बघत असायची. पन्नाशीची बाई. मला कुणी वाचावं एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी तुझ्यासारख्या माणसाचा सकाळचा मूड कसा आहे याचा अंदाज बांधत बसायचे. ते संपलं.

नाझिहा


ट्युनिस, १ जुलै

नाझिहाबाई,

तुझ्या पानाच्या तळाशी आकडा दिसतो. तो लपवायचा असतो, हे कुणीतरी तुला सांगायला हवं होतं. सात.

सात! तुझ्या वर्गात याहून जास्त मुली झोपलेल्या असतात.

मी कचेरीत आमच्या खोलीत सगळ्यांना दाखवलं. कुणी हसलं नाही, कीव आली त्यांना. मला मात्र हसू आलं, कारण मी तुला ओळखतो. लहानपणी समुद्रावर सगळी पोरं एका जागी खेळायची आणि तू दूर जाऊन एकटीच खड्डा खणत बसायचीस. मग रडायचीस, की कुणी बघायला आलं नाही.

तरी एक मोठेपणा करतो. नवीन लेखाचं, ‘रव्याचे दिवस’चं नाव बरं आहे. पहिले दोन परिच्छेद उडव, मधल्या बायकांच्या गप्पा वर आण, मी पहिल्या पानाचं बघतो. मालकिणीला तुझं नाव विसरायला महिना पुरतो.

आईकडे जातेस का? दर शुक्रवारी मी फोन करतो. ‘बरी आहे, वाळवणात आहे’ एवढंच म्हणते. या वयात रवा वळून वर्षाचा कुसकुस घरी करायचा हट्ट कशाला? दुकानात पाकिटं मिळतात. तिला तू तरी सांग.

लमजद


स्फाक्स, ८ जुलै

लमजद,

मामी बरी आहे. परातीशी बसते, गल्लीतल्या बायका येतात. पाकिटाचं मी तिला सांगणार नाही. तूच सांग, समोर येऊन, आणि जमलं तर परातीपासून हाताच्या अंतरावर उभा राहून सांग.

लेखाला हात लावायचा नाही. ना वरून, ना मधून. तो जेवढा लांब आहे तेवढा मुद्दाम आहे. रव्यावर पाणी शिंपडून, पीठ भुरभुरून, तळव्यांनी एक परात वळून होते आणि चाळायला जाते, तेवढ्या वेळात तो वाचून संपतो. मी मोजून बसवला आहे. तुझ्या एका हातानं वाचणाऱ्या माणसासाठी तो नाही.

सात पुरेत. तुला जेवढं मोजता येतं तेवढंच तू मोजतोस.

खड्ड्याचं खरं आहे. पण बघायला आलं होतं कुणीतरी. तू आला होतास, आणि तो बुजवून गेला होतास.

नाझिहा


ट्युनिस, २२ जुलै

नाझिहा,

बस खाली. आज सकाळी ‘रव्याचे दिवस’ मी पहिल्या पानावर ठेवला. तुझ्या पूर्ण नावानं. तुझ्या पानावर तो सगळ्या जगासाठी उघडाच पडला होता, तिथून उचलला. एका शब्दालाही हात लावला नाही. फक्त वर मोठ्या अक्षरांत एक ओळ घातली, ‘स्फाक्सच्या बायका बंद अंगणात काय बोलतात?’ असलं काही वर लागतं.

दुपारपर्यंत तीस हजार लोकांनी उघडला. अजून चढतोय. खाली दोनशेवर प्रतिक्रिया आहेत, लोक भांडतायत, म्हणजे उत्तम चाललं आहे. मालकीण स्वतः माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, ‘तुमच्या बहिणीला अजून लिहायला सांगा.’

तुझी सुरुवात खरंच चांगली आहे, मी उगाच बोललो. ती भाताच्या भांड्यावरून भांडणारी जाऊ मस्त. इतकी खरी, की मला इथे बसून तिचा आवाज ऐकू आला.

आभार मानायची तुला सवय नाही, माहीत आहे. नको मानूस. सातांवरून तीस हजार. कुणामुळे, ते तुझं तुला कळलं म्हणजे झालं.

लमजद


स्फाक्स, २२ जुलै, संध्याकाळ

काढ. आत्ता काढ.

जावेचं भांडण पहिल्या एक तृतीयांशातच संपतं. शेवटपर्यंत वाचलंस का? बसून वाच. मग मला लिही.

ना.


ट्युनिस, २३ जुलै

वाचलं.

‘आमच्यातल्या एकीचा मुलगा राजधानीत असतो. दर शुक्रवारी त्याचा फोन येतो. तो जेवता जेवता बोलतो. तब्येत कशी आहे विचारतो आणि उत्तराला न थांबता पुढचा घास घेतो. आई फोन रव्याच्या पोत्यावर ठेवते आणि वळायला लागते. फोन पोत्यावर एकटाच बोलत राहतो. मधूनमधून ती मान वर करते आणि म्हणते, हो बाळा.’

काल दिवसभर आमच्या खोलीत लोक एकमेकांना ‘हो बाळा’ म्हणत होते. मी पण म्हणत होतो. मालकिणीनं चहा मागवला, मी म्हणालो, हो बाळा. सगळे हसले. मला वाटलं प्रतिक्रियांमधला काहीतरी विनोद आहे.

रात्री जेवताना माझ्या बायकोनं तो भाग मोठ्यानं वाचला. वाचून झाल्यावर फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि आत गेली.

तू माझ्या आईला विकलंस. नाव नाही घातलंस, एवढीच हुशारी. ‘राजधानीत असतो’, ‘शुक्रवारी’! स्फाक्समध्ये शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. तुला माझा सूड घ्यायचा होता तर माझ्यावर लिहायचंस, माझं नाव घालून. त्या म्हाताऱ्या बाईला लोकांसमोर बसवायचं काय कारण? तिला वाचता येत नाही म्हणून? तिला कळणार नाही म्हणून?

तू लेखिका नाहीस. दाराला कान लावणारी बाई आहेस.

लमजद


स्फाक्स, ३० जुलै

लमजद,

आठवडा गेला, लेख अजून वर आहे. म्हणजे आईची लाज एवढीच.

तुला कुणी सांगितलं तिला कळणार नाही? तू त्या अंगणात कधी बसला नाहीस, म्हणून तुला आकड्याच्या पलीकडे काही सुचलं नाही. तर ऐक. कुसकुस वळताना दहा बायकांचे वीस हात पिठात असतात. फोन कुणी धरायचा? एकीचे हात कोरडे ठेवतात आणि ती वाचते. जिचा आवाज चांगला ती. बाकीच्या वळतात आणि ऐकतात. तुझा सातचा आकडा म्हणजे सात अंगणं होती. तुमच्या घरी सालहा वाचायची, तीच, तुझ्या लग्नात गायलेली. मामी तिच्यावर ओरडायची, ‘हळू गं, बस सुटली का तुझी?’

तो शुक्रवारचा भाग मला कानानं चोरावा लागला नाही. मामीनं स्वतः सांगितला, पाच-सहाजणींसमोर, तुझ्या घासाची नक्कल करून. बायका हसून परातीवर पडल्या. मी घरी येऊन लिहिला आणि कुणालाही पाठवायच्या आधी तिला एकटीला वाचून दाखवला. प्रत्येकीला तिचा भाग आधी दाखवते मी. तिनं ऐकला आणि म्हणाली, ‘पोतं नको लिहूस, पोत्यावर फोन घसरतो. मी सुपात ठेवते.’ मग म्हणाली, ‘राहू दे पोतं. सूप म्हटलं की नेमकी मी.’

असे वाचक तुझ्या तीस हजारांत किती आहेत?

माझी चूक एवढीच, की मी पान उघडं ठेवलं. तिकडे कुणी फिरकत नाही, म्हणजे ते आमचंच आहे असं धरून चालले.

आता पुढचं ऐक. तुझ्या त्या मोठ्या अक्षरांच्या ओळीनं काय झालं ते. प्रतिक्रियांत लोक आमची गल्ली शोधत होते. एकानं शोधलीही. एकानं लिहिलं, मुलगे असे निघतात ते आयांमुळेच. सालहाच्या मुलानं तिचा फोन काढून घेतला, म्हणाला, ‘घरातलं अंगणात आणि अंगणातलं जगात, वा!’ तिचा नवरा आधी कधी काही वाचत नव्हता. आता सगळं वाचून बसलाय. जावेनं जावेशी बोलणं टाकलं. बायका आपापला अर्धा वळलेला रवा पाट्यांत भरून घरी घेऊन गेल्या, भर उन्हात. सातांपैकी पाचजणींनी मला कळवलं, पाठवू नकोस. रशीदानं तर औषधाचं पाकीट पुढे सरकवलं आणि मान फिरवली.

मामीनं मला आत घेतलं नाही. आतूनच म्हणाली, ‘आज नाही.’ दुसऱ्या दिवशीही आजच होता.

तू म्हणतोस तू मला वाचक दिलेस. होते तेवढे तू एका सकाळी संपवलेस. आणि तेही शेवटपर्यंत न वाचता. तुझ्या कामाची हीच रीत असेल, तर इतकी वर्षं तू काय वर ठेवलंस आणि काय खाली दाबलंस, ते तुला तरी माहीत आहे का?

नाझिहा


ट्युनिस, ९ ऑगस्ट

नाझिहा,

लेख काढला. मालकीण नाही म्हणत होती, महिन्यातला सगळ्यात जास्त वाचलेला. मी म्हणालो, तो मुलगा मी आहे. ती हसली नाही. लेखाच्या नकला फिरतायत, त्या माझ्या हातात नाहीत.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. दिवसाला तीनशे लेख येतात. तू तीन दिवस इथे बस आणि शेवटपर्यंत वाचून दाखव. बोलणं सोपं आहे.

आईला शुक्रवारी फोन केला. जेवत नव्हतो. तिनं उचलला. मी काही बोललो नाही, तीही नाही. मग चाळणीचा आवाज यायला लागला. एकटीच चाळत होती. मी म्हणालो, आई, त्या लेखाचं चुकलं. हो बाळा. म्हटलं, काढून टाकला मी. हो बाळा. मग मी म्हणालो, आई, उद्या मी चंद्रावर जातोय, बायकोमुलांना घेऊन. ‘हो बाळा. जपून जा.’

हे तू लिहिलं नसतंस तर मला आयुष्यभर कळलं नसतं आणि माझं काही बिघडलं नसतं. त्यामुळे मला शहाणं केलंस असल्या भ्रमात राहू नकोस. तू माझ्या घरात घुसून एक खिडकी फोडलीस. आता वारं येतंय, एवढंच.

आणि माझ्यामुळे तुझं सगळंच बुडालं हे मला पटत नाही. तीस हजारांतलं एकही माणूस टिकलं नाही? खरं सांग.

लमजद


स्फाक्स, २८ ऑगस्ट

लमजद,

खरं सांगते, तुला बरं वाटू नये म्हणून शेवटी सांगणार होते. चारजणींनी मला स्वतंत्र पत्र लिहिलं. प्रतिक्रिया नव्हे, पत्र. एक गाबेसची, दोघी केफच्या, एक फ्रान्समध्ये, ल्योंला कचेऱ्या साफ करते आणि रविवारी तीन मैत्रिणींबरोबर न्हाणीघराच्या टबात रवा वळते. तिनं विचारलं, ‘हे आम्ही मोठ्यानं वाचलं तर चालेल का?’ परवानगी विचारणारी ती पहिली. तीस हजारांतून चार. तुझ्या खात्यावर लिही.

पान मी बंद केलं. आता लेख फक्त पत्रानं जातो, ज्या बाईला लिहिलं तिलाच, आणि ज्यांचं त्यात आहे त्या हो म्हणाल्या तरच. त्या चौघींना अजून काही पाठवलेलं नाही. आधी इथल्यांना विचारायचं होतं.

विचारायला तोंड नव्हतं. मी रोज शाळेच्या तयारीची कामं आटोपून तुमच्याकडे जायचे आणि परत यायचे. एक दिवस फोन घरी ठेवून गेले. मामीनं माझ्या हातांकडे पाहिलं, पिशवीत पाहिलं आणि आत घेतलं. समोर चाळण सरकवली. मी दुपारपर्यंत चाळत बसले. मला नीट येत नाही, गोळे राहतात. ती माझं चाळलेलं उचलायची आणि पुन्हा चाळायची, न चिडता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. दुसऱ्या दिवशी लेखातली ती जाऊ आली. मग सालहा. तिच्या मुलानं फोन परत दिलेला नाही. ती म्हणाली, ‘बरं झालं, मानेचं दुखणं गेलं.’ रशीदा शेवटी आली, मुरंबा घेऊन, आणि माझ्याकडे पाठ करून बसली. पण बसली.

तीन दिवस नुसता रवा. कुणी काही वाच म्हटलं नाही आणि मीही काढलं नाही. चौथ्या दिवशी सालहानं हात धुतले, पुसले आणि रिकामेच मांडीवर ठेवून बसली. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मामी म्हणाली, ‘फोनवरचं नको. कागदावरचं आण. वाचून झालं की कागद या चुलीत, माझ्यासमोर.’

तर आता तसं चालतं. मी लिहिते, सालहा वाचते, कुसकुस वाफवायचं पाणी त्याच कागदावर तापतं. पाणी तापायला वेळ लागतो, हे तुला खटकायचं. इथे कुणाला खटकत नाही. गाबेसला आणि ल्योंला काय पुन्हा लिहून पाठवायचं ते बायका ठरवतात, हात वर करून, पिठाच्या हातांनी. परवा एका लेखाला नाही म्हणाल्या. माझा या वर्षातला सगळ्यात चांगला लेख होता. चुलीत गेला. मी घरी येऊन रडले. तरी तुझ्या संकेतस्थळावर खाली जाण्यापेक्षा ते बरं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून नाही म्हटलं होतं.

काल मामीनं सालहाला मध्येच थांबवलं आणि मला विचारलं, ‘यात लमजद आहे का?’

मी म्हणाले, नाही मामी. आता कधीच नाही.

‘मग घाल की,’ ती म्हणाली. ‘फोनवर तो अलीकडे गप्पच असतो. काय चाललंय त्याचं, कळू तरी दे.’

बायका हसल्या. ती हसली नाही.

म्हणून घातला आहे. रविवारी वाचणार. तुला पाठवणार नाही आणि नंतर तो कुठेही मिळणार नाही. तुझ्याबद्दल काय लिहिलंय ते जाणून घ्यायचं असेल तर यावं लागेल. रवा वळणं चालू असताना अंगणात पुरुष येत नाहीत, हे तुला माहीत आहे. दारातून आत आल्यावर बोळ जिथे वळतो, तिथे बस. तिथून दिसत काही नाही, पण सालहाचा आवाज स्वच्छ येतो. आधी बराच वेळ पाणी तापेल. उठून जाऊ नकोस.

आणि आतलं दार वाजवू नकोस. वाजलं की त्या वाचणं थांबवतात.

नाझिहा